एकाच घरातल्या तिघांची भक्ती तीन वाटांनी का जाते?

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे माझ्याकडून काही निसटलं असेल तर लगेच कळेल. घर खटाव तालुक्यातलं, वारकरी. वडील माळकरी, दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर दिंडीत चालतात. तुम्ही हिंजवडीत नोकरीला. एकादशी, वारी, देवपूजा सगळंच हळूहळू सुटलं. थोरला भाऊ न्यू जर्सीत. गावात असताना तो देवळाकडे फिरकत नव्हता, आता तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचं सगळं तोच बघतो. बहीण लातूरला दिली आहे, ती दर आठवड्याचा सत्संग चुकवत नाही. वडील म्हणतात, ‘शिकलास आणि देव सोडलास.’ तुम्हाला जाणून घ्यायचंय की तुम्हा भावंडांना एवढं वेगळं कोणी केलं. आणि परिस्थिती बदलताच जी श्रद्धा गळून पडली, ती मुळात खरी होती का.

मी समाजशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. शिकवण्याइतकाच वेळ माणसांना भेटून माहिती गोळा करण्यात गेला: सातारा-सांगलीची खेडी, दिंड्या, लालबाग-परळच्या चाळी, मराठवाड्यातल्या बौद्ध वस्त्या. त्या अनुभवावर उत्तर देतो. दोन गोष्टी आधीच सांगायला हव्यात. शंभर माणसांबद्दल जे दिसतं ते एका माणसाला जसंच्या तसं लागू होईलच असं नाही. आणि देवघरासमोर डोळे मिटल्यावर एखाद्याच्या आत काय होतं ते माझ्या वहीत कधीच उतरलं नाही, उतरणारही नाही. मी बोलतोय ते त्या आतल्या गोष्टीभोवती समाज काय उभं करतो याबद्दल.

माहिती घेताना ‘तुम्ही देव मानता का?’ हा प्रश्न मी फार लवकर सोडून दिला. खेड्यात बहुतेक जण ‘हो’ म्हणतात आणि पुढे काहीच कळत नाही. त्याऐवजी मी विचारायचो: गेल्या आषाढीला काय केलंत? कोणाबरोबर? कोणी बोलावलं होतं? आणि शेवटी, तुम्ही गेला नसतात तर कोणाच्या लक्षात आलं असतं? या शेवटच्या प्रश्नाने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याच पुस्तकाने शिकवलं नाही. मानणं, करणं आणि कोणाचं तरी असणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण समजतो की माणूस आधी मानतो, मग करतो, मग त्या मंडळींतला होतो. मला बहुतेक ठिकाणी उलटा क्रम दिसला. माणूस आधी कोणाचा तरी असतो, त्यांच्याबरोबर काही करतो, आणि करता करता मानायला लागतो. संगत गेली की करणं थांबतं. मानणं त्यानंतर काही वर्षं तगून राहतं आणि मग विरतं.

तुमच्या वडिलांपासून सुरुवात करू. दिंडी बाहेरून पाहणाऱ्याला गर्दी दिसते, आतून ती काटेकोर रचना आहे. रथापुढच्या दिंड्या, रथामागच्या दिंड्या, प्रत्येकीला क्रमांक. विणेकरी, टाळकरी, मृदंगवादक, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, पुढे पताका. मुक्कामाला तंबू कुठे पडणार ते ठरलेलं, पंगतीला किती पानं ते ठरलेलं, भिशी (म्हणजे वाटेतल्या जेवणखर्चाची वर्गणी) भरलेली. माउलींच्या सोहळ्याला हे रूप एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी दिलं आणि ते तुमच्याच साताऱ्याकडचे. अशा रचनेत तुमचे वडील एका दिवशी दिसले नाहीत तर संध्याकाळच्या पंगतीत विचारणा होते. त्यांची भक्ती त्यांची स्वतःची आहे, पण ती दरवर्षी ताजी ठेवायला शे-दीडशे माणसं राबत असतात.

शिवाय वारीला वेळ लागतो. पालखीचं आळंदीहून प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला होतं आणि आषाढ शुद्ध दशमीला ती पंढरपुरात पोचते. पाऊस वेळेवर झाला असेल तर पेरणी उरकलेली असते, कोळपणीला अजून अवकाश असतो, आणि मागे घरी कोणीतरी असतं. शेतकऱ्याच्या वर्षात ही फट आहे. नोकरदाराच्या वर्षात ती नाही. पावसाने ओढ दिली, दुबार पेरणीची वेळ आली की दिंड्यांमधली गर्दीही कमी-जास्त होते, हे कुठलाही दिंडीचालक सांगेल. ज्याचं पोट तारखेवर आणि ज्याचं पोट नक्षत्रावर, त्या दोघांकडून एकसारख्या नेमाची अपेक्षा करणं रास्त नाही. वडील हे सहज विसरतात, कारण त्यांना कधी कोणाकडे रजेचा अर्ज द्यावा लागला नाही.

पण वारीबद्दल एवढंच सांगून थांबलो तर मी अर्धं सांगितल्यासारखं होईल. समाज धर्मासाठी वेळ आणि सोबत पुरवतो, तसाच तो कोणी कुठपर्यंत यायचं हेही ठरवतो. इरावती कर्वे विसाव्या शतकाच्या मध्याला दिंडीबरोबर चालल्या तेव्हा त्यांना दिसलं की एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे अभंग एकत्र म्हणतात आणि जेवतात मात्र वेगवेगळे. त्यांना ते खुपलं आणि त्यांनी ते लिहूनही ठेवलं. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, दाराच्या बाहेर. पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावं लागलं. म्हणजे तुमच्या पणजोबांचा विठ्ठल आणि त्याच गावातल्या महारवाड्यातल्या एखाद्या पणजोबांचा विठ्ठल एकच होता. एकाचं कपाळ पायांवर टेकत होतं आणि दुसऱ्याला कळसाचं दर्शन घेऊन परतावं लागत होतं. या दोघांचं धर्माशी नातं सारखं कसं असेल?

इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात स्वच्छ उत्तर मला तुमच्या घरात नाही, त्या दुसऱ्या पणजोबांच्या घरात सापडतं. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, वर्षानुवर्षं चालला, दार उघडलं नाही. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती, १९६१ मध्ये ती सुमारे २८ लाख झाली. २०११ मध्ये ती ६५ लाखांवर होती आणि देशातल्या दर चार बौद्धांपैकी तिघांहून अधिक महाराष्ट्रात होते. हा बदल एकेकाने घरी बसून धर्मग्रंथ वाचून, तुलना करून झालेला नाही. माणूस म्हणून जगायला जागा हवी, या गरजेतून तो झाला. त्यामागे बाबासाहेबांचा अभ्यास तर होताच, पण वस्तीच्या वस्तीने एकत्र निर्णय घेतला म्हणून तो टिकला.

वस्त्यांमध्ये हे मला फार जवळून दिसलं. जिथे अख्ख्या भावकीने एकत्र दीक्षा घेतली, विहार बांधला, लग्नं बौद्ध पद्धतीने लावायला सुरुवात केली, तिथे दुसऱ्या पिढीला ‘आम्ही बौद्ध’ हे सांगताना अडखळावं लागत नाही. जिथे गावात दोनच घरं होती आणि सोयरिकी दूरच्या, तिथे देव्हाऱ्यातून देव काढल्यावरही म्हातारीने खंडोबाचा टाक कापडात गुंडाळून कणगीच्या मागे ठेवलेला असायचा. जुने देव सोडायला लावणाऱ्या दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा तिला मान्य नव्हत्या असं नाही. लेकराला ताप आला की रात्री तिच्या सोबतीला दुसरं कोणी नव्हतं, एवढंच.

आणि कागदाचंही बघा. धर्मांतरानंतर नवबौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळत नव्हत्या. १९९० मध्ये कायदा बदलला तेव्हा मिळाल्या. मधल्या काळात घरात बुद्धवंदना आणि दाखल्यावर ‘हिंदू महार’, अशी कितीतरी कुटुंबं मी पाहिली. त्यांना दुटप्पी म्हणणाऱ्याने पोराची शिष्यवृत्ती पणाला लावून बघावी. जनगणनेतला धर्माचा रकाना माणसाच्या मनातून भरला जातो, तसाच सरकारच्या नियमांतूनही भरला जातो.

आता तुमच्याकडे येतो. वडील शिक्षणाला दोष देतात. मला तो पटत नाही, कारण पुण्यातच उलट पुरावा आहे. आयटीतली कितीतरी मंडळी वारीत आळंदी ते पुणे चालतात, त्याला आयटी दिंडीच म्हणतात. तुमच्याच कचेरीत एखादा निघेल. पदवी दोघांचीही तीच.

शहरालाही सरसकट दोष देता येत नाही. मुंबईच्या गिरणगावात लाखो माणसं कोकणातून आणि देशावरून आली. त्यांचा देव सुटला नाही, उलट तिथे भजनी मंडळं दणक्यात चालली. पुण्या-मुंबईत सार्वजनिक गणपती १८९२-९३ पासून सुरू झाले; गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीतला त्यांपैकीच. लालबागचा राजा १९३४ चा. पेरू चाळीतला बाजार बंद पडल्यावर कोळी आणि इतर विक्रेत्यांनी कायमच्या जागेसाठी नवस बोलला, जागा मिळाली आणि गणपती बसला. रोजगार गेलेला, बसायला जागा नाही, सगळ्यांची अडचण एकच, म्हणून नवसही एकत्र. गिरणी कामगार एकाच गावच्या माणसांच्या खोलीत दाटीवाटीने राहायचा, जेवायचा गावच्याच खानावळीत, आणि गावच्या मंडळाला वर्गणी द्यायचा. गणपतीला गावी गेला नाही तर खोलीतले वीसजण विचारायचे. जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, खोल्या रिकाम्या झाल्या, माणसं विरार-बदलापूरकडे पांगली, आणि भजनाला टाळकरी मिळेनात. देवाशी कोणाचं भांडण झालं नव्हतं. भजन म्हणायला जमणारी माणसं पांगली होती.

तुम्ही शहरात आलात ते एकटे. बारावीनंतर वसतिगृह, मग मित्रांबरोबर फ्लॅट, मग स्वतःचा फ्लॅट. तुमच्या सोसायटीत तुम्ही एकादशी मोडलीत हे कोणाला कळणार? कळलं तरी कोण काय म्हणणार? माझ्या त्या शेवटच्या प्रश्नाचं तुमचं उत्तर ‘कोणाच्याच नाही’ असं आहे. तुम्ही देव नाकारला असं तुमच्या पत्रात कुठेही नाही. सुटत गेलं, एवढंच तुम्ही लिहिलंय. विचार करून नास्तिक झालेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या बोलण्यात वाद असतो, वाचन असतं, कधी संताप असतो. तुमच्या लिहिण्यात चुकल्यासारखं वाटणं आहे. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

थोरल्या भावाचं गणित याच्या बरोबर उलट आहे. गावात धर्म हवेत होता. काकड्याचा आवाज, सप्ताहाचा मांडव, यात्रेची पट्टी हे सगळं तो हजर असो वा नसो, चालूच राहायचं, म्हणून त्याला काही करावं लागलं नाही. न्यू जर्सीत तो काही करणार नाही तर त्याच्या मुलांपुरतं ते संपणारच. शिवाय तिकडे शेजारी नव्या माणसाला सहज विचारतो की तुम्ही कुठल्या चर्चला जाता. धर्माची एक संस्था प्रत्येकाला असते, हे तिथे गृहीत असतं. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची शिखर संस्था असलेलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे, आणि गावोगावच्या मंडळांत गणपती, मराठी शाळा, नाटक, पुरणपोळी हे सगळं एकाच छताखाली चालतं. चतुर्थी बुधवारी आली तर कार्यक्रम शनिवारी होतो. तिथीपेक्षा जमणं महत्त्वाचं झालं, हे यातूनच कळतं. भावाची भक्ती खोटी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. मुलांना आजोबांची भाषा जेवढी येईल तेवढी यावी म्हणून धावपळ करणारा बाप आहे तो, आणि त्या धावपळीत त्याला आरती पाठ झाली. पुढे त्या आरतीत त्याचं मन खरंच रमलं असेल.

बहिणीबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटली. सुनेला घराबाहेर पडायला जी कारणं सासरी बिनातक्रार चालतात ती मोजकी असतात: दवाखाना, माहेरचं लग्न, बचत गट आणि देवाचं काम. सत्संगात, भजनी मंडळात तिला दोन तास स्वतःच्या नावाने ओळखणाऱ्या बायका भेटतात. तिथे ती गायला शिकते, कधी माइकसमोर बोलते. एका आठवड्याला गेली नाही तर दोघीजणी घरी येऊन विचारतात. यातून आलेली श्रद्धा कमी दर्जाची असं मानू नका. पण तिला सत्संग आवडतो की सत्संगाच्या निमित्ताने मिळणारा मोकळेपणा, हे भाऊ म्हणून एकदा तिच्याशी बोलून बघा. धर्माने बाईला बाहेर पडायला वाट दिली आणि धर्मानेच तिला चौथऱ्यावर चढायला मज्जाव केला, हे दोन्ही आपल्याकडे एकाच वेळी चालत आलंय. देवळात सर्वांना प्रवेश देणारा राज्याचा कायदा १९५६ चा, आणि शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायका गेल्या त्या एप्रिल २०१६ मध्ये, उच्च न्यायालयाने सरकारला त्या कायद्याची जाणीव करून दिल्यावर.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर वडिलांना दिंडीने धरून ठेवलं, भावाला परक्या मुलखाने जमवायला लावलं, बहिणीला सत्संगाने बाहेर पडायची वाट दिली, आणि तुम्हाला धरणारं कोणी उरलं नाही. शिक्षणाचा वाटा असेल तर एवढाच की त्याने तुम्हाला गावातून उचललं.

आता याच्या मर्यादाही सांगतो, नाहीतर माणूस म्हणजे परिस्थितीच्या हातचं बाहुलं असं तुम्हाला वाटेल. एकाच खोलीत वाढलेल्या दोन सख्ख्या भावांपैकी एक माळकरी आणि एक पक्का बुद्धिवादी अशी उदाहरणं माझ्याकडे भरपूर आहेत. जोडीदाराचा मृत्यू, मुलाचं आजारपण, एखादं पुस्तक, एखादा शिक्षक यांनी माणूस कुठल्या कुठे जातो, आणि ते आधी ओळखता येत नाही. समाज वाटा आखतो, कोण कुठल्या वाटेने जाईल ते पूर्णपणे ठरवू शकत नाही. आणि कधी शेजार हा धर्मापेक्षाही घट्ट निघतो. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावला मोहरमला उंचच उंच ताबूत निघतात, त्यांच्या भेटी होतात, आणि त्यात हिंदू घराण्यांच्या मानाचे ताबूत असतात. तिथे ‘हा कोणाचा सण?’ असं विचारलं तर लोक गावाचं नाव घेतात.

मग तुमची लहानपणची श्रद्धा खरी होती का? माझं उत्तर: होती. ती दहाजणांच्या आधाराने उभी होती म्हणून खोटी ठरत नाही. तशी तर मायबोलीही आपल्याला इतरांकडूनच मिळते, आणि बोलायला कोणी नसलं की तीही जिभेवरून उतरते. एकट्याच्या बळावर उभी राहते तीच खरी श्रद्धा, हा निकष फार थोड्यांना लावता येईल. तुमच्या वडिलांनाही तो लावता येणार नाही. त्यांना दिंडीशिवाय पाच वर्षं परमुलखात ठेवलं तर काय होईल हे मी सांगू शकत नाही, आणि तेही सांगू शकणार नाहीत.

वडिलांच्या वाक्याचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रश्नाच्या तळाशी तेच आहे. ‘देव आहे की नाही’ यावर त्यांच्याशी वाद घालू नका. मी अशा बऱ्याच घरांत बसलो आहे. बापाचं खरं दुखणं बहुधा वेगळं असतं: आपल्यामागे दिंडीत आपल्या घरचं कोणी असणार नाही, चालकाने पुढच्या वर्षी नाव पुकारलं तर ओ द्यायला माणूस नसेल. हे थेट बोलायला त्यांना जड जातं, म्हणून ते देवाचं नाव घेतात. त्यांना विचारा की तुमच्या दिंडीत कोण कोण आहे, कोणाच्या घरातली पुढची पिढी येते, कोणाची थांबली. अर्ध्या तासात वादाचा सूर बदलेल.

चालायचं असेल तर एक-दोन टप्पे चाला. लोणंद ते तरडगाव हा टप्पा लहान आहे, तुमच्या गावाहून जवळ आहे, आणि चांदोबाचा लिंब इथलं पहिलं उभं रिंगणही (दुतर्फा उभ्या वारकऱ्यांमधून अश्व धावतो ते) बघायला मिळतं. मन मानत नसेल तर माळ मात्र घालू नका. माळेबरोबर नेम येतात, एकादशी येते, मांसाहार सुटतो. वडिलांचं मन राखण्यासाठी घातलेली माळ पुढे दोघांनाही टोचते. ‘मला आत काही वाटतं का ते अजून कळत नाही, पण तुमच्याबरोबर चालायला येतो,’ असं सरळ सांगा. वारकरी माणसाला हे समजतं. पाऊल चालतंय तोवर ते तुमचं मन तपासत बसत नाहीत.

एक व्यवहाराची गोष्ट: अचानक जाऊन उभे राहू नका. प्रस्थानाच्या आधी दिंडीचालकांना फोन करा, किती दिवस आहात ते सांगा आणि भिशी भरा, कारण तंबूतली जागा आणि पंगतीतली पानं त्यांना आधी धरावी लागतात. हा फोन वडिलांना करायला न लावता तुम्ही स्वतः करा.